भूगोलाच्या सरांचं विमान

आमचे भूगोलाचे सर कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खिडक्या उघडत. पाहुण्यानं असं करू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना ते मान्य नव्हतं. एकदा एका सोयरिकीच्या बैठकीला गेले आणि यजमानांचं कपाटच सरकवून बसले, कारण ते खिडकीच्या वाटेत होतं. सोयरीक जमली. गारवा आला म्हणून जमली, असं सर सांगत. मुलीचे वडील सांगत, कपाटामागे त्यांची हरवलेली कोल्हापुरी चप्पल सापडली आणि ते खुशीत आले म्हणून.

"हवा वाहती ठेवा" हे सरांचं वाक्य. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे तेच.

तुम्ही मागे व्हिडिओवर मला तुमच्या कम्प्युटरमधले रंगीत पंखे दाखवलेत आणि विचारलंत, "आजी, हे काय आहे कळतं का तुला?" मी हसून विषय बदलला होता. कळतं, बाळांनो. ज्यांच्यामुळे कळतं त्या सरांबद्दल लिहिते.

आळे गावाजवळच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी इंग्रजी. मला ते "बाई" म्हणत, मी त्यांना "सर", आणि निवृत्तीनंतर शेजारी राहूनही त्यात फरक पडला नाही. सर फळ्याकडे पाठ करून बोलायचे आणि बोलता बोलता हात मागे नेऊन आफ्रिका काढायचे. नॉर्वेच्या वेळी मात्र फळ्याकडे तोंड करत. म्हणत, "नॉर्वेला मान द्यावा लागतो." मधेच एखाद्या मुलाला उभं करायचे. "तू येडगावच्या धरणावर उभा आहेस. नाक उत्तरेला. उजव्या कानाकडे कोणतं गाव?"

"बेल्हे, सर."

"त्याच्या पुढे?"

"पुढं बाजाराचे बैल, सर."

या उत्तरालाही ते अर्धा गुण देत. बेल्ह्याला बैलबाजार भरे आणि बैल पूर्वेलाच होते, असं त्यांचं म्हणणं.

जग असं तोंडपाठ असलेला हा माणूस महाराष्ट्राबाहेर कधी गेला नव्हता. आधी शाळा, मग शेती, मग आई. सरांच्या आई नव्वदीच्या पुढच्या. खाटेवर असायच्या, पण जीभ खणखणीत. मुलगा घास भरवायला बसला तरच जेवायच्या, नाहीतर ताट परत. त्यामुळे सरांची मोठ्यात मोठी सफर म्हणजे सकाळी पुण्याला जाऊन संध्याकाळी घरी येणं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एकेक भाग आणून घरीच कम्प्युटर जोडला, तो विमान चालवण्यासाठी. तुमच्याकडे असतो तसलाच तो खेळ, ज्यात सगळी पृथ्वी असते आणि कुठल्याही विमानतळावरून उडता येतं. सर त्याला खेळ म्हणू देत नसत. मागच्या अंगाला, कांदे साठवायच्या चाळीला लागून असलेल्या खोलीत हे यंत्र होतं आणि घरातले सगळे तिला विमानाची खोली म्हणत. "सर कुठे आहेत?" असं मी कुंपणावरून विचारलं की सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगायच्या, "इमानात हायेत. आता कुठं उतरत्यात देव जाणे."

खरं तर ते फारसे कुठे उतरतच नसत. यंत्र तापायचं. एका बाजूचा पत्रा काढून ठेवला होता, समोर टेबलफॅन लावला होता, आत एक पाल राहत होती. एवढं करूनही इराणवर पोचेपर्यंत पंख्यांचा घरघराट वाढायचा आणि पडदा काळा व्हायचा. त्यामुळे सरांना युरोप कायमचा अंतरला होता. शिवाय चित्रं अगदीच ओबडधोबड. शिवनेरी उकडीच्या गोळ्यासारखा दिसायचा. सरांना त्याचंही फार वाटत नसे. उरलेला किल्ला मनानं भरता येतो, म्हणायचे.

पण मग त्यांच्या मुलीचा सिंगापूरहून फोन आला. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी विमानप्रवास करू नका असं सांगितलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आता होणार नव्हतं. तिची सासू हयात नव्हती. म्हणजे तिच्या आईनं तिकडे जायला हवं होतं. सरांना आपल्या आईंना सोडून हलता येणार नव्हतं, म्हणजे वहिनींनी एकटीनं जायचं. आणि वहिनींनी सांगितलं, "मी न्हाई बसायची त्या इमानात."

या वहिनी म्हणजे भित्र्या बाई नव्हेत. गोठ्याच्या मागे उसातून बिबट्या आला होता तेव्हा यांनीच पितळी परात बडवत त्याला बांधापर्यंत हाकलला होता, आणि परत येऊन परातीला पोचा आला म्हणून चिडल्या होत्या. पण विमान म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "बिबट्या जिमिनीवर व्हता, बाई. पाय जिमिनीवर असले की मी कुणाला भ्येत न्हाई."

मुलीनं रोज फोन करावा, वहिनींनी रोज "बघू" म्हणावं, आणि फोन ठेवल्यावर पदरानं डोळे पुसावेत. जायचं तर त्यांना होतंच. लेकीजवळ आपण नसू या विचारानं त्यांचं जेवण तुटलं होतं. पण पाऊल उचलत नव्हतं. पासपोर्ट तयार होऊन कपाटात पडला होता आणि दिवस भरत चालले होते.

सरांना वाटलं, भीती ही भूगोल न कळल्यामुळे असते. त्यांनी वहिनींना विमानाच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि समुद्रावरून थोडं फिरवून आणलं. वहिनी पडद्याकडे बघत राहिल्या.

"ह्यो समुद्र व्हय?"

"बंगालचा उपसागर."

"हे तर आपल्या शेततळ्याचं प्लास्टिक हाय. आवो, असल्यावर पडलं तर माणूस घसरतच जाईल."

त्याच आठवड्यात सरांनी ठरवलं की यंत्र सुधारायचं. समुद्र समुद्रासारखा दिसला पाहिजे आणि मुंबई ते सिंगापूर सबंध प्रवास न तापता झाला पाहिजे. वहिनींना तो पुरा, खऱ्या वेळात, घरी बसून करून दाखवायचा. मग खऱ्या विमानात नवीन काही उरणारच नाही.

पुण्याला ते एकटेच गेले. दुकानातल्या तरुणानं विचारलं, "काका, नातवासाठी का?"

"नातू अजून यायचाय. माझ्यासाठी."

"कुठला गेम खेळता?"

"खेळत नाही. चालवतो."

येताना एसटीत बाकीचं सामान फळीवर टाकून नव्या ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरची चित्रं रंगवणाऱ्या भागाचा, खोका मांडीवर घट्ट धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, "काय गुरुजी, देव हाय का त्यात?"

"देव नाही, ग्राफिक्स कार्ड आहे."

"मग ठेवा की वर, फळीवर."

"देव असता तर ठेवला असता," सर म्हणाले आणि आळेफाट्यापर्यंत तसेच बसून आले.

बरोबरच्या सूचना इंग्रजीत होत्या, म्हणून मला बोलावणं आलं. मी आयुष्यभर कविता आणि व्याकरण शिकवलेलं. त्या कागदावरचा एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. पण मी मोठ्यानं वाचावं आणि सरांनी त्याचा अर्थ लावावा, असं आमचं चाललं. प्रोसेसर गार राहावा म्हणून त्यावर लावायच्या पेस्टचं मी वाचलं की ती जास्त लावू नये. सर म्हणाले, "किती म्हणजे जास्त?" पुढे वाचलं तर वाटाण्याएवढी. सरांनी खरोखर स्वयंपाकघरातून एक वाटाणा आणून शेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघत ट्यूब दाबली.

कॅबिनेट, म्हणजे यंत्राचा बाहेरचा डबा, नवा होता, पुढून सगळा जाळीचा. पंखे कुठे लावायचे यावर कागदात बरंच काही होतं, पण सरांनी मला थांबवलं. "बाई, हे मला येतं. ही कांद्याची चाळ आहे." त्यांनी मला खिडकीतून मागची चाळ दाखवली. चाळ जमिनीपासून उचललेली असते, दोन्ही अंगांना फटी असतात. गार हवा खालून शिरते, कांद्याची ऊब घेते आणि वरून निघून जाते. हवा कोंडली की कांदा सडतो. सरांनी पुढचे पंखे हवा आत घेणारे लावले, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारा. प्रोसेसरवर पातळ पत्र्यांचा उंच कूलर बसवला. ग्राफिक्स कार्ड इतकं लांब आणि जड होतं की एका टोकाला झुकू लागलं. त्याला सरांनी फळा पुसायच्या जुन्या डस्टरच्या लाकडाचा टेकू दिला. त्यांची एवढ्या वर्षांची नोकरी त्या यंत्राच्या पोटात अशी कामाला आली.

यंत्र सुरू झालं तेव्हा आम्हाला कळलंच नाही, इतकं ते शांत होतं. आणि समुद्र! बाळांनो, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण आम्ही दोघं म्हातारी माणसं उभं राहून नुसता समुद्र बघत होतो. लाटांवर ऊन होतं. ढगांची सावली पाण्यावरून सरकत होती. सर म्हणाले, "इतकी वर्षं मी हे नुसतं निळ्या खडूनं रंगवत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं उड्डाण ठरलं. पण त्याआधी सरांच्या आईंनी खाटेवरून फर्मावलं की नवी वस्तू पूजेशिवाय चालवायची नाही. ट्रॅक्टरची केली, मोटारीची केली, विमानाची का नाही? सर कबूल झाले. फक्त पाण्याला त्यांचा सक्त विरोध होता. नारळ त्यांनी अंगणात फोडायला लावला, फुलपात्रातलं पाणी बाहेर काढलं, ओला हातसुद्धा आत येऊ दिला नाही. आईंना खुर्चीवर बसवून यंत्रापुढे आणलं. आतले दिवे नीट दिसावेत म्हणून बाजूची काळसर काच काढून ठेवली होती. आईंनी हळद-कुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या आणि लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता थेट विमानाच्या पोटात टाकल्या. मी सरांकडे पाहिलं.

"कोरड्या आहेत," सर म्हणाले. "कोरड्यानं काही होत नाही." दिसले तेवढे दाणे आणि पाकळ्या त्यांनी वेचून काढल्या आणि काच बसवली.

मग आम्ही विमानात बसलो. सरांनी खुर्च्या एकामागे एक लावल्या होत्या आणि वहिनींच्या खुर्चीला जुन्या बॅगेचा पट्टा बांधला होता. आईंनी खाट पुढे आणायला लावली. "खिडकीची जागा मला." सरांनी मोबाइल बंद करायला लावले, सूचना दिल्या आणि मुंबईहून विमान उचललं. वहिनींनी डोळे गच्च मिटून माझा हात असा धरला की बांगडी रुतली.

"आता हा आवाज आला ना," सर पुढून सांगत होते, "तो चाकं आत घेतल्याचा. घाबरायचं नाही."

आपलं गाव दाखवण्यासाठी त्यांनी विमान जरा डावीकडे वळवलं. खरं विमान असं वळत नाही, हेही सांगितलं. वहिनींनी एक डोळा उघडला. "ते धरण व्हय आपलं? आन् ही कुकडी नदी?" मग दुसराही उघडला. सोलापूर गेलं, तेलंगण गेलं. सरांनी स्टीलच्या छोट्या ताटांत उपमा दिला. वहिनींनी मोरी कुठे असते, ते विचारलं. किनारा आला आणि खरंच समुद्र लागला, निळा, चमकणारा. वहिनी पुढे वाकून बघायला लागल्या. पट्टा त्यांनी स्वतःच सैल केला होता.

तेवढ्यात यंत्रातून टकटक असा आवाज आला. मग घरघर. मग सगळा पडदा काळा झाला.

वहिनींनी पट्टा सोडला.

"पडलं न्हवं?"

"पडलं नाही, बंद झालं," सर म्हणाले.

"वरच्या वर बंद झालं म्हंजे पडलंच की." आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा वहिनींनी "बघू"सुद्धा म्हटलं नाही. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, बाळा," म्हणाल्या आणि फोन सरांच्या हातात दिला. पलीकडे मुलगी रडत होती, ते मलाही ऐकू आलं. सर खिडकीपाशी उभे राहिले, पण त्या दिवशी त्यांनी ती उघडली नाही.

सकाळी मी भाजी द्यायला गेले तर सर यंत्र अंगणात घेऊन बसले होते. उन्हात काच काढली, डस्टरचा टेकू काढला, कार्ड बाहेर घेतलं आणि उलटं केलं. त्याच्या एका पंख्याच्या पात्यात तांदळाचा लाल दाणा अडकला होता. दुसऱ्यात दोन. उंच कूलरच्या पत्र्यांमध्ये झेंडूच्या पाकळ्या ओळीनं दाटून बसल्या होत्या, जशी कुणी मुद्दाम वेणी माळावी. हवेला जायला जागाच उरली नव्हती.

वहिनी पायरीवर मेथी निवडत होत्या. सरांनी तो दाणा त्यांच्या पुढ्यात धरला. "यानं पाडलं विमान."

वहिनींनी दाणा बोटांच्या चिमटीत घेतला. "ह्या तर आत्याबाईंच्या अक्षता." सासूला त्या आत्याबाई म्हणत. दाण्याकडे बघत राहिल्या आणि एकाएकी त्यांना हसू फुटलं. मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली. "आवो, म्हंजे आपणच पाडलं की! मुंबईच्या इमानाला कोण टाकतं अक्षता?"

"कोणी नाही. इंजिनाजवळ कुणाला फिरकूसुद्धा देत नाहीत."

हे सगळं आतून आई ऐकत होत्या. त्यांना जराही वाईट वाटलेलं नव्हतं. खाटेवरून आवाज आला, "आगं, बरंच झालं! पडायचं व्हतं ते हितं पडलं. आता तिथं न्हाई पडायचं. माझ्या अक्षतांनी इडापिडा हितल्या हितं भागवली. जा तू खुशाल."

सर काही बोलायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. कारण वहिनींचा चेहरा बदलला होता. सरांनी नकाशे दाखवून, आकडे सांगून, समुद्र विकत आणून जे झालं नव्हतं, ते आईंच्या त्या एका वाक्यानं झालं. वहिनी उठल्या, देवघरातला निरांजनं पुसायचा मऊ ब्रश घेऊन आल्या आणि पत्र्यांच्या मधून एकेक पाकळी काढायला लागल्या. "द्या हिकडं. तुमच्यानं नीट व्हायचं न्हाई."

त्यानंतर त्यांनी विमानाच्या खोलीत बसून सिंगापूरपर्यंतचा प्रवास दोनदा केला. टकटक नाही, घरघर नाही. दुसऱ्या वेळी तर उतरताना सरांना म्हणाल्या, "जरा अल्लाद टेकवा. माणसं बसल्यात मागं."

वहिनींना मुंबईला सोडायला सरांचा पुतण्या गेला. विमान दुपारचं होतं. सरांनी आईंना लवकर जेवू घातलं, मला बोलावलं आणि बरोबर त्याच वेळेला आपलं विमान उचललं. मला वाटलं होतं, बोलतील, गावं दाखवतील. कार्ड किती तापलंय तेही त्यांनी पाहिलं नाही. नुसते समोर बघत होते, जणू पुढे कुठेतरी तिचं विमान दिसणार होतं. अंदमानची बेटं डावीकडून गेली. मी एकदा घरी जाऊन चहा करून आले, तेव्हाही तसेच बसलेले.

सर तिच्या आधी पोचले. कुठेतरी वारा वेगळा धरला गेला असावा. विमान उतरवलं, धावपट्टीच्या कडेला नेलं आणि इंजिन चालू ठेवून थांबले. आईंनी आतून विचारलं, "पोचली का रं?"

"येतेय. मागे आहे."

"मग तू कशाला उभा तिथं?"

"आई, ती उतरल्याशिवाय कसा निघू?"

मी चहा गरम करून आणला, तो पुन्हा गार झाला. मग फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला आणि वहिनींचा आवाज सगळ्या खोलीत भरला. मागे गर्दीचा गलबला होता.

"पोचले वो! लेक आलीये न्यायला, दिसती तिकडं काचंपल्याड, पोट पुढं करून उभी हाय. आन् ऐका, माझ्या शेजारी एक पोरगं व्हतं, चांगलं शिकलेलं, कोट घातलेलं. उतरताना डोळे झाकून बसलेलं! मी म्हणलं, उघड रं बाबा, आता तर खरं बघायचं असतं. बोटी काय, दिवं काय... त्याला सगळं दाखवलं मी. बरं, ठेवते, लेक हात करतीये."

फोन बंद झाला. सरांनी विमानाचं इंजिन बंद केलं. पंखे हळूहळू थांबले आणि खोलीत चाळीतल्या कांद्यांचा वास तेवढा राहिला. सर माझ्याकडे वळले. बोलायच्या आधी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"बाई," ते म्हणाले, "तिनं डोळे उघडे ठेवले."